बेहड्यावर दोन इसम

शून्य फूट

झाडावर चढायचे मी ठरवले नव्हते. ते ठरावात आले.

आमची वसाहत साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर. घरे नऊ आणि मधल्या मोकळ्या जागेत बेहड्याचे एक झाड. घरांना नंबर आहेत, झाडाला नाही, कारण ते आमच्या आधीचे. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा सरळ बुंधा आणि पहिली फांदी बावीस फुटांवर. हा आकडा मी सावली मोजून काढला आहे. मी भूगोल शिकवतो, तेव्हा त्याबद्दल कोणी शंका घेऊ नये.

चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत या झाडाची एक वाळकी फांदी एक नंबरच्या दारातल्या स्कूटरवर पडली. एक नंबर म्हणजे हंबीरराव. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि वसाहत झाल्यापासून आमचे चेअरमन आहेत. स्कूटरचे सीट फाटले. त्या वेळी हंबीरराव सीटवर नव्हते, पण असू शकले असते, हा मुद्दा त्यांनी मासिक सभेत तीन वेळा मांडला आणि झाड काढून टाकावे असे सुचवले.

मी म्हणालो, झाड कशाला काढायचे, वाळलेल्या फांद्या तेवढ्या उतरवल्या की झाले. सांगलीला माझा मेहुणा सुमंत दर रविवारी दोर लावून झाडावर चढतो, तेही हौस म्हणून. त्यात अवघड काही नाही.

हंबीररावांनी विचारले, "कोण चढणार?"

सभेत शांतता पसरली. बावीस वर्षे शिक्षकी केलेल्या माणसाला प्रश्नानंतरची शांतता सहन होत नाही. कोणीच हात वर करीना, म्हणून मी केला.

ठराव असा झाला: "श्री. अनंत मुतालिक हे स्वतः झाडावर चढून ३१ मेच्या आत वाळलेल्या फांद्या उतरवतील. न उतरवल्यास संपूर्ण झाड काढण्यात येईल. सर्वानुमते मंजूर." सर्वानुमते म्हणजे त्यात मीही आलो.

त्यानंतरच्या तीन महिन्यांतल्या तारखा मला नीट आठवत नाहीत. पण कधी किती उंचीवर होतो ते चांगले आठवते. म्हणून हकिगत उंचीच्या हिशेबाने सांगतो.


शून्य फूट, अजूनही

ठराव झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लोक सल्ला द्यायला येऊ लागले.

दोन नंबरवाल्यांनी सांगितले की बेहड्याच्या सावलीत बसले की भांडणे होतात आणि वसाहतीतली सगळी भांडणे त्या झाडामुळेच आहेत. दोन नंबरवाले तीन नंबरवाल्यांशी नऊ वर्षे बोलत नाहीत. दोन्ही घरे बेहड्याच्या सावलीत येत नाहीत हे मी त्यांना नकाशा काढून दाखवले. तेव्हापासून ते माझ्याशीही बोलत नाहीत.

चार नंबरवाल्यांच्या मते मी तालमीत जाऊन दोरीचा मल्लखांब शिकायला हवा होता. मी गेलो. तिथल्या वस्तादांनी माझा दंड चिमटीत धरून पाहिला आणि मुलाचे वय काय आहे, असे विचारले.

आठ नंबरवाल्यांचे काका माडावरून पडले होते. एवढेच सांगून ते गप्प बसले. बहुधा सल्ला तेवढाच होता.

माझी पत्नी शरयू हिने मला जाऊ नका म्हटले असते तर मी तिची समजूत घातली असती. त्यासाठी चार वाक्ये तयारही ठेवली होती. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "चष्म्याला दोरी बांधा."

काम सुरू होण्याआधी मनाला लागलेली ही पहिली जखम.


अकरा फूट (सांगली)

सुमंत हा शरयूचा धाकटा भाऊ. सांगलीत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. तो, एक दाताचे डॉक्टर आणि आणखी दोन प्राध्यापक असे चौघे दर रविवारी सकाळी हरिपूर रस्त्यालगतच्या एका चिंचेवर चढतात. वर जाऊन काय करता, असे मी विचारले.

"काही करायचं नसतं, भावजी. नुसतं बसायचं. अर्ध्या तासानं खाली यायचं."

हे त्याला वाटते. चिंच ज्यांच्या बांधावर आहे त्या दगडाबाईंना वेगळे वाटते. वर जाणाऱ्याने चिंचा झोडून द्यायच्या, या अटीवर त्यांनी झाड दिले आहे. मार्चचे दिवस होते. वर चार सुशिक्षित गृहस्थ पट्ट्यात लोंबकळत काठ्या मारत होते आणि खाली दगडाबाई कोणती फांदी राहिली ते ओरडून सांगत होत्या. दाताच्या डॉक्टरांचे त्या कौतुक करत होत्या. मुळापासून काढतात म्हणाल्या.

"येवढी शिकल्याली मानसं," दगडाबाई मला म्हणाल्या, "आन् वर जाऊन नुस्ती बसायची. मी म्हनलं, काठी तरी न्या. तेवढंच बरं दिसतंय."

मला जीपच्या सीटबेल्टच्या पट्ट्यांचा शिवलेला एक पट्टा घातला गेला. दोरावर एक गाठ असते. ती हाताने वर सरकवली की सरकते, आणि आपण तिच्यावर भार टाकला की दोराला घट्ट धरते. गाठ सरकवायची, पायाने उचलायचे, बसायचे, पुन्हा सरकवायची. तत्त्व मला लगेच समजले. अकरा फुटांवर गेल्यावर, कसे ते समजले नाही, पण मी उलटा झालो. खिशातून पेन, कंगवा आणि परतीचे एस.टी.चे तिकीट खाली पडले. दगडाबाईंनी ते चिंचांबरोबर पाटीत टाकले. पेन मला परत मिळाले. कंगवा मागायचे धाडस झाले नाही.

दोन रविवार मी गेलो. निघताना सुमंतने दोर, पट्टा आणि एक करवत दिली आणि फांदी कशी कापायची ते सांगितले. आधी खालून थोडी कापायची, मग वरून, नाहीतर ती पडताना साल सोलत नेते. आणि फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे तिची मान जाड असते, ती मान सोडून कापायची, म्हणजे झाड जखम आपली आपण भरून काढते. हे मला फार आवडले. मग त्याने सहज विचारले, परवानगी काढली ना? गावातल्या झाडाची फांदी उतरवायलाही लेखी परवानगी लागते.


दीड फूट (बाकावर)

कचेरीचे नाव सांगत नाही. मला याच गावात राहायचे आहे.

तिथल्या बाकावर मी चार दुपारी बसलो. पाचव्या दुपारी खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज दिला. तो झाड तोडण्याचा होता. मी म्हणालो, मला झाड तोडायचे नाही, फक्त वाळलेल्या फांद्या काढायच्या आहेत, त्याचा अर्ज द्या. ते म्हणाले, झाड न तोडण्यासाठी कोणी अर्ज कशाला करेल? यात तथ्य होते. सगळ्यांना हाच अर्ज लागतो, बाकी तपशील भरा, असे त्यांनी सांगितले.

"तोडण्याचे कारण" या रकान्यात तीन पर्याय छापलेले होते: मृत, बांधकामास अडथळा, धोकादायक. झाड मेले म्हणणे माझ्याच्याने होईना. बांधकाम चालू नव्हते. त्यातल्या त्यात कमी खोटे म्हणून मी "धोकादायक"वर खूण केली आणि खरी गोष्ट समासात, सुवाच्य अक्षरात लिहिली: "फक्त वाळलेल्या फांद्या उतरवायच्या आहेत. झाड ठेवायचे आहे."

समासात काही लिहू नये, हे मी बावीस वर्षे मुलांना सांगत आलो आहे. का, ते मला माहीत नव्हते. त्या दिवशी कळले. खिडकीतल्या गृहस्थांनी दाभण घेतले, माझ्या समासाला तीन भोके पाडली, दोरा ओवला आणि अर्ज इतक्या घट्टपणे फाइलमध्ये शिवला की "झाड ठेवायचे आहे" यातले शेवटचे "हे" तेवढे बाहेर राहिले.

मी पाहिले. बोललो मात्र नाही. ते इतक्या सफाईने शिवत होते की टोकणे बरे दिसेना.


साडेचार फूट (टेबलावर स्टूल)

पहिल्या फांदीवरून दोर टाकण्यासाठी आधी एक बारीक सुतळी टाकावी लागते आणि तिच्या टोकाला वाळूची पिशवी बांधावी लागते. शरयूने माझ्या जुन्या पँटचा खिसा कापून पिशवी शिवली. पिशवी झुलवायची आणि फांदीवरून पलीकडे फेकायची. अठरा फुटांचे अंतर होते. मी एका रविवारी अकरा वेळा फेकली.

पहिल्या सात फेकी फांदीखालून गेल्या. आठवी फांदीला लागून माझ्याकडे परत आली. नववी आणि दहावीबद्दल सहा नंबरच्या कुंड्यांना विचारावे. अकरावी फेक मात्र उत्तम गेली. पिशवी फांदीवरून, तिच्या वरच्या फांदीवरून, झाडाच्या पलीकडून हंबीररावांच्या अँटेनापर्यंत पोचली आणि सुतळीने अँटेनाला तीन वेढे घेतले. आत भारताची फलंदाजी चालू होती. हंबीरराव, त्यांचे दोन जावई आणि वसाहतीतले सगळे पुरुष बाहेर आले. मी स्टुलावर होतो, हातात सुतळीचे दुसरे टोक होते. नाकारण्यासारखे काही नव्हते.

सुतळी ओढू नका, असे सगळे ओरडत होते. ते मला ओढा असे ऐकू आले असते तर बरे झाले असते. तसे काही झाले नव्हते, मी आपण होऊन ओढली.


शून्य फूट

मेच्या मध्यावर कचेरीतून पत्र आले. कचेरीचे काम वेळेत झाले, हा या हकिगतीतला सर्वांत अविश्वसनीय भाग आहे, पण तो खरा आहे. पत्र वसाहतीच्या संस्थेच्या नावाने होते, म्हणून हंबीररावांना मिळाले. ते पत्र घेऊन माझ्या घरी आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"मास्तर, मानलं तुम्हाला. आम्हाला वर्षं लागलं असतं."

धोकादायक बेहड्याचे एक झाड बुंध्यापासून तोडण्यास मंजुरी देण्यात येत होती. मुदत ३१ मे, कार्यालयीन वेळ संपेपर्यंत.

मी समजावून सांगितले. हंबीरराव शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी पत्राच्या तळाशी बोट ठेवले. अर्जदार म्हणून नाव माझे होते. ते म्हणाले, "फांद्या उतरवा, जरूर उतरवा. पण धोकादायक आहे असं तुम्हीच लिहून दिलंय. उद्या ते कोणाच्या घरावर पडलं तर कचेरी तुम्हाला विचारणार नाही, चेअरमनला विचारणार. मी काय सांगू? मास्तरांनी समासात लिहिलं होतं?"

कचेरीत गेलो तर खिडकीतले गृहस्थ म्हणाले, दुरुस्ती करता येईल, पण चालू परवानगीची मुदत संपल्यानंतर.

हंबीररावांनी लाकडाचे ठेकेदार कोंडीबा यांना ३१ तारखेचे सांगून टाकले.

त्या संध्याकाळी मी अंगणात उभा राहून, झाड नसेल तर काय दिसेल, ते पाहिले. हंबीररावांची पाण्याची टाकी दिसली असती. मेच्या दुपारी नऊ घरांतल्या बायका मसाल्याच्या मिरच्या निवडायला जिथे जमतात ती जागा तापलेली दिसली असती. शरयू दारात आली आणि बराच वेळ माझ्याबरोबर वर पाहत राहिली.

"तुम्ही लिहिलंत," ती म्हणाली, "तर आता तुम्हीच काहीतरी करा."


शून्य फूट, तीस मे

पाऊस लागायच्या आधी कोकणात गेलेले मेंढपाळ आपल्या मेंढ्या घेऊन घाट चढून माघारी येतात आणि पूर्वेला, जत-आटपाडीकडे जातात. आमच्या वसाहतीमागच्या रानात असाच एक कळप बसला होता. बाजारातून येताना मला एक तरुण बाभळीच्या शेंड्यावर उभा दिसला, अनवाणी. एका हाताने फांद्या तोडून खाली टाकत होता आणि दुसऱ्या हाताने तंबाखू मळत होता. याचा अर्थ त्याने झाडाला कशानेच धरले नव्हते.

त्याचे नाव सिद्धू. खाली त्याची आई रंगुबाई शेरडांना पाला घालत होती. मी माझी अडचण सांगितली: उद्यापर्यंत वाळके उतरले तर निदान ठराव तरी झाडाच्या बाजूने राहील. सिद्धूला ती लय सोपी वाटली.

"आवं गुरुजी, झाड उतरवून देतो की."

"झाड नाही. फक्त वाळकं."

"वाळकं कशाला? मेंढरं वाळकं खात न्हाईत."

तडजोड अशी झाली की वाळलेले आमचे आणि घरांवर लोंबणारा थोडा हिरवा पाला मेंढरांचा. कसे कापणार, असे मी शिक्षकाच्या आवाजात विचारले. तो म्हणाला, "आदी खालनं, मग वरनं. न्हाईतर साल सोलटून जाती. आन् मानंला हात लावायचा न्हाई." यासाठी मी दोनदा सांगलीला जाऊन आलो होतो.

संध्याकाळी रंगुबाई एकट्याच वसाहतीत आल्या. बेहड्याला तळहात लावून काहीतरी पुटपुटल्या आणि निघाल्या. काय केले, विचारले तर म्हणाल्या, "आदल्या दिशी सांगाय लागतंय झाडाला. उद्या येतो म्हनून. एकाएकी चढलं तर बिचकतंय."

ही परवानगी अर्ध्या मिनिटात मिळाली आणि तिच्यात कारणाचा रकाना नव्हता.


अडतीस फूट

दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्धू आला. वाळूची पिशवी हातात घेऊन त्याने वजन पाहिले आणि डाव्या हाताने फेकली. ती फांदीवरून जाऊन माझ्या पायाशी पडली. मेंढरू वळवायला त्याच्यापुढे नेमका दगड टाकणारा हात तो. मग तो दोराने वर गेला, माझा पट्टा अडकवायचा दोर अडतीस फुटांवरच्या बेचक्यातून ओवला, दोन वाळक्या फांद्या उतरवल्या, पाला तोडला आणि खाली आला. सगळे मिळून अर्धा तास. तिसरी वाळकी फांदी, हंबीररावांच्या गच्चीकडची, राहिली होती. तीही काढू का, असे त्याने विचारले.

ठरावात "स्वतः" असे लिहिले होते. मी म्हणालो, ही माझी.

सिद्धू कळप गोळा करायला गेला. रंगुबाई पाल्याचा भारा बांधत खाली बसल्या. मी चढू लागलो. गाठ सरकवली, पायाने उचलले, बसलो. असे किती वेळा केले ते मोजले नाही. तासाभराने मी त्या बेचक्यात होतो. उलटा न होता. फांदीची मान शोधली. आधी खालून कापले, मग वरून, आणि ती फांदी साल न सोलता, कोणाची कौले न फोडता, जिथे पडायला हवी होती तिथे पडली.

आयुष्यात इतके नीट काम मी दुसरे केलेले नाही. ते कोण पाहतेय ते बघावे म्हणून मी खाली पाहिले.

ती चूक झाली. उतरण्यासाठी गाठीवर हाताने किंचित दाब द्यायचा असतो. हाताला ते माहीत होते. हात ऐकेना. त्याने दोर धरला होता तो धरलाच. पायही त्याच मताचे होते.

साडेतीन वाजता हंबीरराव कोंडीबांना आणि त्यांच्या चार माणसांना घेऊन आले. बरोबर दोन माणसांची लांब करवत आणि बांबूची उंच शिडी होती. शिडी बरोबर पहिल्या फांदीपर्यंत पोचली.

"मास्तर, शाबास. आता खाली या. कोंडीबाला काम सुरू करायचंय."

"येतो," मी म्हणालो.

पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा हाक मारली. मी पुन्हा येतो म्हणालो. तिसऱ्या वेळी मी काहीच बोललो नाही. खाली कुजबुज झाली. सहा नंबरवाल्यांनी, मुतालिक उपोषणाला बसले आहेत, असे जाहीर केले. चार नंबरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन आणि तीन नंबरवाले एकमेकांशी बोलताना मी त्या उंचीवरून स्वतः पाहिले. शरयू तेवढी माझ्या हाताकडे पाहत होती आणि तिला सगळे कळले होते.

"हे असं चालणार नाही," हंबीरराव गरजले. "मी येतो आणि उतरवतो तुम्हाला."

चौसष्ट वर्षांचा तो माणूस शिडीने चढला. तिथून वर फांद्या जवळजवळ होत्या, त्या धरत तो धापा टाकत माझ्याशेजारी येऊन बसला. माझ्या दोराचे उरलेले टोक त्यांनी कमरेला बांधले आणि ती फौजी गाठ आहे असे सांगितले. मग दरडावून बोलण्यासाठी तोंड उघडले, खाली पाहिले आणि तोंड मिटले.



"साहेब," खालून कोंडीबा म्हणाले, "किती येळ?"

"पाहणी चालू आहे," हंबीरराव म्हणाले. आवाज चेअरमनचा होता. हात माझ्या दंडाला होता, आणि वस्तादांच्या चिमटीपेक्षा घट्ट होता.

"हंबीरराव," मी हळूच म्हणालो, "तुम्ही फौजेत होता. अशा वेळी काय करतात?"

ते समोर पाहतच म्हणाले, "मी कँटीनला होतो. अठ्ठावीस वर्षं. साबण, बिस्किटं, रम. सगळी नोकरी सपाटीवर."

हे त्यांनी वसाहतीत कोणालाही सांगितले नव्हते. मीही सांगितले नसते, पण ते ही हकिगत वाचून परवानगी देऊन गेले आहेत.

वारा सुटला. फांदी अगदी थोडी हलली आणि स्थिरावली. समोर यवतेश्वर, खाली सगळा सातारा, कौले आणि गच्च्या. हंबीररावांच्या टाकीवर झाकण नव्हते आणि आत एक कावळा आंघोळ करत होता. ते त्यांनीही पाहिले.

"हे पाणी मी पितो," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "माझं घर केवढंसं दिसतं हो."

"हो."

"मास्तर, हे झाड हलत नाही."

"नाही."

"माझं वजन ब्याऐंशी किलो आहे. तरी हलत नाही. मग यात धोकादायक काय आहे?"

"माझा अर्ज," मी म्हणालो.

हंबीरराव हसले. हसल्यावर फांदी हलेल की काय म्हणून लगेच थांबले.

कोंडीबांनी पुन्हा हाक दिली, मुदतीचा दिवस आहे, खालच्या बाजूने नुसती करवत लावून ठेवू का. अडतीस फुटांवरून चेअरमननी जे उत्तर दिले ते कँटीनमध्ये शिकलेले नव्हते. कोंडीबांची माणसे बिडी ओढत बसली. सव्वासहा झाले. कचेरीची वेळ संपली. कोंडीबांनी करवत खांद्याला लावली आणि शिडी उद्या नेतो म्हणून ते निघून गेले.

आता उतरायला काहीच हरकत नव्हती. म्हणजे दोघांच्या हातापायांखेरीज कोणाचीच नव्हती. खाली सगळी वसाहत मान वर करून उभी होती. कोणी डावा पाय म्हणे, कोणी उजवा. आठ नंबरवाल्यांनी काकांचे पुन्हा सांगितले.

तेव्हा रंगुबाई उठल्या. पाल्याचा भारा डोक्यावर घेतला आणि लोकांना म्हणाल्या, "समद्यांनी घरी जावा बगू."

हंबीररावांचे जावई म्हणाले, अडकलेत ते, कसे जाऊ.

"म्हनून तर. बकरू कड्यावर अडाकलं की समूर हुबं ऱ्हायाचं न्हाई. हाका मारायच्या न्हाईत. त्येला वाटतंय समदी बगत्यात. त्ये जास्तीच आकसतंय. पाठ फिरवायची आन् चालाय लागायचं. येतंय आपसूक."

"आणि नाही आलं तर?" शरयूने विचारले.

"आजवर मागं ऱ्हायल्यालं एकबी न्हाई, बाई."

आणि त्या पाठ फिरवून निघाल्या. त्यांच्यामागे शरयू निघाली. तिने एकदाही वळून पाहिले नाही, हे तिच्यासाठी किती अवघड होते ते मला त्या रात्री कळले. मग नऊही घरे गेली, दारे लागली, आणि खाली कोणीच राहिले नाही.

हंबीररावांनी विचारले, "गेले सगळे?"

"गेले."

"नक्की?"

माझा हात उघडला. कोणीही न सांगता.


अडतीस ते शून्य

किती वेळ लागला, कोण आधी आले, कोण कोणत्या फांदीवर काय म्हणाले आणि पंधरा फुटांवर शिडीच्या पायरीला कोणाचा लेंगा अडकला, हे कोणी पाहिलेले नाही. पाहिले नसल्यामुळे ते घडलेलेही नाही. यावर आम्हा दोघांचे एकमत आहे.


शून्य फूट

जूनची सभा. नवी परवानगी काढावी का, असा विषय निघाला. हंबीररावांनी उभे राहून मजकूर स्वतः सांगितला:

"सदर झाडावर चेअरमन व श्री. मुतालिक यांनी समक्ष जाऊन पाहणी केली. झाडाने दोन इसमांचे एकूण एकशे एक्केचाळीस किलो वजन अडीच तास पेलले. वारा असतानाही झाड हलल्याचे आढळले नाही. सबब ते धोकादायक म्हणता येत नाही. झाड ठेवावे."

सर्वानुमते मंजूर. लिहून घेणाऱ्याने समास कोरा सोडला.

मला वाटले, इथे हे संपले. दोर गुंडाळून माळ्यावर टाकला आणि सुमंतला पत्र पाठवून सगळे कळवले, लेंगा वगळून.

मग सभेनंतरच्या पहिल्याच रविवारी, पहाटे उजाडता उजाडता, दारावर बोटाच्या पेरांनी अगदी हलके वाजले. हंबीरराव उभे होते. पायात कॅनव्हासचे बूट, हाफ पँट, आणि चष्म्याला मागून नाडी बांधलेली.

"काही काम निघालं का?" मी विचारले.

"काम काही नाही." त्यांनी मागे वळून आठही दारे पाहून घेतली. "नुसतं बसायचं. चला, कोणी उठलेलं नाही."